मस्टर कोण लिहितंय?
सरकारी पैशाचे संशोधन प्रकल्प आणि आपण

(महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मराठी मुला-मुलींच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचं नाव फळ्यावर वाचून मघाशी दोघा-तिघांनी जांभई दिली, ती मला इथून दिसली. ‘उच्च शिक्षण संस्थांमधले सरकारी निधीचे प्रकल्प आणि त्यांचं व्यवस्थापन.’ राग नाही. पाच वर्षांपूर्वी मीही दिली असती. अभ्यासवर्ग म्हटला की आपण जातिअंतावर, प्रतिनिधित्वावर, इतिहासावर बोलतो. पावत्या, हेड, हप्ते हे काय बोलायचे विषय आहेत? पण आज मी पावत्यांवरच बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या आजीपासून करणार आहे.

मी एम.ए. झाले तेव्हा मला एका विद्यापीठातल्या प्रोजेक्टवर काम मिळालं. घरातली पहिली पदवीधर मीच. वडलांनी पेढे आणले. आईने शेजारी सांगितलं, पोरगी युनिव्हर्सिटीत लागली. आजी कोपऱ्यात बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, “मस्टर कोण लिहितंय गं?”

मला हसू आलं. म्हटलं, आजी, तिथं मस्टर नसतं, तो सरकारी संशोधनाचा प्रोजेक्ट आहे. ती म्हणाली, “सरकारी पैसा हाय ना? मग मस्टर असतंयच.”

१९७२ च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा ती नवी सून होती. दिवसभर खडी फोडायची, संध्याकाळी मुकादमाच्या वहीवर अंगठा द्यायचा. वहीत काय लिहिलंय ते तिला वाचता यायचं नाही. आठवड्याचा पगार हातात आला की कळायचं, सहा दिवस राबूनही दोन दिवसांचा खाडा मांडलेला आहे. विचारलं तर मुकादम वही दाखवायचा: हे बघ, तुझाच अंगठा आहे. जिला वाचता येत नाही तिच्या अंगठ्यानेच तिचा खाडा सिद्ध व्हायचा. म्हणून पन्नास वर्षांनी नात विद्यापीठात लागली तरी तिचा पहिला प्रश्न पगार किती हा नव्हता. वही कुणाच्या हातात आहे, हा होता.

आता माझ्या प्रोजेक्टचं सांगते. संस्थेचं नाव सांगणार नाही. नावाने काही फरक पडत नाही, तुमच्यातल्या प्रत्येकाला आपापलं नाव आठवेल. विषय होता अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची महाविद्यालयातून होणारी गळती. मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर. दोन जिल्हे फिरले, वस्त्या पालथ्या घातल्या, पावणेचारशे प्रश्नावल्या भरल्या. शिक्षण सुटलेल्या मुलांनी माझ्याजवळ जे बोलायला नको तेही बोलून टाकलं, कारण मी त्यांच्यातलीच होते. प्रकल्पप्रमुख सर चांगले होते. पुरोगामी, मंचावर फुले-आंबेडकरांवर उत्तम बोलणारे. सात महिने मला पगार मिळाला नाही. विचारलं की उत्तर यायचं, “प्रोसेसमध्ये आहे.”

मार्च महिन्यात एके दिवशी ऑफिसातून फोन आला, लगेच ये, मार्च एंड आहे. गेले. टेबलावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या पावत्या होत्या. रकमेची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. फक्त खाली माझं नाव. सही करायची. मी केली. एम.ए. फर्स्ट क्लास, नेट पास मुलीने कोऱ्या कागदावर सही केली, कारण मागे रांगेत अजून दोघं उभे होते, सर घाईत होते, आणि ‘आधी रक्कम लिहा’ म्हणायला माझी जीभ उचलली नाही. पुढे पैसे आले ते ठरल्यापेक्षा कमी. सांगितलं गेलं, हेडमध्ये एवढेच शिल्लक होते. अहवाल छापून आला. त्यात आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं, आडनाव चुकलेलं.

त्या रात्री मला आजीचा अंगठा आठवला. आजीची मजबुरी अक्षरओळख नसण्याची होती. माझी कसली होती?

हे मला समजावलं लेखा विभागातल्या एका काकांनी. आपल्यातलेच, निवृत्तीला आलेले. मी पगाराचं विचारायला वारंवार जायची, तेव्हा एकदा त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, “पोरी, हे मंजुरीपत्र. यात तुझ्या जागेचा पगार लिहिलाय. हे काही गुप्त नाही. कुणी मागत नाही म्हणून कुणी देत नाही.” मी पहिल्यांदा त्या कागदावर माझ्या जागेसाठी दर महिन्याला किती रुपये मंजूर आहेत ते पाहिलं. ते पत्र निघालं तेव्हा मी नेमलेही गेले नव्हते. म्हणजे माझ्या आधी माझा पगार त्या इमारतीत पोचला होता.

मित्र-मैत्रिणींनो, सरकारी प्रकल्पाचं यंत्र चालतं कसं ते थोडक्यात सांगते. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत त्यांना जेवणाच्या टेबलावर कळतं. आपल्याला कुणीतरी सांगावं लागतं.

पैसा कुठून येतो? सामाजिक शास्त्रांत मुख्यतः १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडून, म्हणजे आयसीएसएसआरकडून. विज्ञानात केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडून, आणि २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडून. पैसा व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळतो. प्रकल्पप्रमुख, ज्याला आपण पीआय म्हणतो, तो त्याचा मालक नसतो, जबाबदार माणूस असतो. हा फरक लक्षात ठेवा. ‘सरांचा प्रोजेक्ट’ हा शब्दच आपण चुकीचा वापरतो.

मंजुरीपत्रात पैसा हेडमध्ये वाटलेला असतो: मनुष्यबळ, प्रवास व क्षेत्रकार्य, उपकरणं, किरकोळ खर्च, आणि संस्थेचा ओव्हरहेड. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला वळवायचा तर मुभा किती आणि परवानगी कुणाची, हेही अटींत लिहिलेलं असतं. त्यामुळे “तुझ्या पगाराचे पैसे संपले” असं कुणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न सरळ आहे: मनुष्यबळाच्या हेडमध्ये किती मंजूर होते, किती आले आणि कशावर गेले?

पैसा हप्त्यांनी येतो. पहिला हप्ता सुरुवातीला. पुढचा हप्ता मिळवायचा तर आधीच्या हप्त्याचा प्रगती अहवाल, खर्चाचं विवरण आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, पाठवावं लागतं. सगळे त्याला यूसी म्हणतात. त्याचा नमुना केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत आहे, जीएफआर १२-ए. शिल्लक पैशावर बँकेचं व्याज मिळालं तर तेही संस्थेचं नाही, ते भारताच्या संचित निधीत परत जातं. इतका बारीक हिशेब सरकार मागतं.

आता माझे सात महिने कुठे गेले ते बघा. पहिल्या हप्त्याची यूसी गेली नव्हती. का? तर सरांनी परिषदांच्या धावपळीत बिलं जमवलीच नव्हती. बिलं नाहीत म्हणून विवरण नाही, विवरण नाही म्हणून यूसी नाही, यूसी नाही म्हणून दुसरा हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून माझा पगार नाही. यात कुणी माझा द्वेष केला नाही. कुणी जात काढली नाही. पण या साखळीत ज्याचा पगार ट्रेझरीतून दर महिन्याला जमा होतो त्याला उशिराची झळ बसत नाही. ती बसते साखळीच्या शेवटच्या कडीला. शेवटची कडी कोण असते हे इथल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

समाजशास्त्रात आपण सांस्कृतिक भांडवलावर निबंध लिहितो. मला वाटतं, ते भांडवल सगळ्यात स्पष्ट दिसतं ‘आधी खर्च करा, मग बिल लावा’ या एका वाक्यात. वरवर किती साधा नियम! पण ज्याच्या खिशात आधीचे पाच हजार नाहीत त्याच्यासाठी हा नियम दार लावून घेतो. नियम सगळ्यांना सारखाच, फक्त खिसे सारखे नाहीत.

शेवटची कडी म्हणजे काय, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आपण जाणतो. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या न मिळालेल्या फेलोशिपचा उल्लेख आहे, १ लाख ७५ हजार रुपये. ती रक्कम आपल्या घरच्यांना मिळावी, असं त्याने लिहिलं. त्याच्या मृत्यूवर आपण खूप बोललो आणि बोललंच पाहिजे. पण फेलोशिप थांबणं ही कागदावरची घटना आहे, तिला तारीख असते, फाइल असते, टेबल असतं. त्या टेबलापर्यंत आपली चळवळ क्वचितच जाते.

आणि ती जाणं हे आपल्या परंपरेत नवीन नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातला मुद्दा हिशेबाचाच होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, असं त्यांनी सरकारला बजावलं. सार्वजनिक पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर खर्च होतो, हा प्रश्न जोतीरावांनी तेव्हाच विचारला.

बाबासाहेबांना आपण संविधानकार म्हणून ओळखतो. पण त्यांचं मूळ शिक्षण पाहा. १९१५ चा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि अर्थव्यवहारावर, १९२३ चं पुस्तक रुपयाच्या प्रश्नावर, १९२५ चं ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. सरकारी पैसा कसा जमतो आणि कुठे जातो, हा त्यांच्या विद्यार्थिदशेचा विषय होता. ते स्वतः बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. हप्ता थांबणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे ३० मे १९४९ ला संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमावर बोलताना त्यांनी या अधिकाऱ्याला संविधानातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं. सार्वजनिक पैशाचा हिशेब तपासणाऱ्या माणसाला त्यांनी इतकं वर ठेवलं. आणि आपण पावत्यांना कारकुनी म्हणतो.

माहितीचा अधिकारही याच मातीतला आहे. १९९० च्या दशकात राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामाची मस्टरं आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली. मेलेल्या माणसांची हजेरी निघाली, न झालेल्या कामांची बिलं निघाली. त्या रेट्यातून २००५ चा कायदा आला. माझ्या आजीसारख्या अंगठा देणाऱ्या माणसांनी हा कायदा मिळवला, आणि आपण पदवीधर माणसं आपल्याच पावतीवर रक्कम लिहा म्हणायला लाजतो.

आता दुसरा मुद्दा. या प्रकल्पांत कोण कुठे उभं असतं? गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय सामाजिक शास्त्रांतल्या विषमतेवर लिहिलं: सिद्धांत मांडायचा हक्क काहींकडे, आणि अनुभव पुरवायचं काम दलितांकडे. प्रकल्पाचं बजेट उघडलं की ही विभागणी आकड्यांत दिसते. वर पीआय आणि सह-पीआय, खाली फील्ड इन्व्हेस्टिगेटर. पदाचं नाव बदललं की पगार बदलतो. जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पण तेच काम, तीच नेट पास मुलगी, जाहिरातीत ‘फील्ड इन्व्हेस्टिगेटर’ म्हटली की रक्कम खाली येते.

आणि नेमणूक? शिक्षकांच्या जागांसाठी आपण रोस्टरचा लढा दिला, २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी कायदा करवून घेतला. केंद्राच्या नियमानुसार ४५ दिवस किंवा जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांतही एससी, एसटी, ओबीसी आरक्षण आहे. प्रकल्पाच्या जागांवर मात्र ‘ही पदं नाहीत, हा प्रकल्प आहे’ असं म्हणून अनेक जाहिरातींत आरक्षणाची ओळच नसते. वॉक-इन मुलाखत, दहा दिवसांची मुदत, जाहिरात संस्थेच्या वेबसाइटच्या तिसऱ्या पानावर. ज्याला आतून फोन येतो तो येतो. आणि लक्षात घ्या, पुढे सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत ‘संशोधनाचा अनुभव’ म्हणून हीच दोन वर्षं मोजली जातात. दारात आरक्षण आहे, पण दारापर्यंतच्या रस्त्यावर नाही.

विज्ञानात अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी वेगळं प्रकल्प-अनुदान आलं आहे, ते चांगलंच आहे. पण नव्या फाउंडेशनचं पाच वर्षांचं ५०,००० कोटींचं चित्र मांडलं गेलं, त्यातला मोठा वाटा खाजगी स्रोतांतून यायचा आहे. खाजगी पैशाला प्रतिनिधित्वाचा प्रश्न कोण विचारणार, हे आत्ताच ठरवायला हवं.

योजनेच्या पैशावर आपल्या माणसांना किती काळ टांगतं ठेवता येतं, तेही पाहिलंय. अकराव्या पंचवार्षिक योजनेत यूजीसीने विद्यापीठांत सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरणाची केंद्रं सुरू केली. आपल्या अनेकांना तिथे शिकवायला, संशोधनाला जागा मिळाली. २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनांचीच पद्धत संपली, आणि पुढचा निधी येणार की नाही या प्रश्नावर माणसं महिनोन्‌महिने लटकली. ज्या विभागांच्या जागा कायम होत्या त्यांच्यावर ही वेळ आली नाही. वंचिततेचा अभ्यास तात्पुरता आणि बाकी ज्ञान कायमचं, असा त्याचा अर्थ होतो.

इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल बोलले. आता स्वतःबद्दल. हे सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या मार्गदर्शक मॅडमना एक प्रकल्प मिळाला. हिशेब आणि फील्डची जबाबदारी त्यांनी माझ्याकडे दिली. तीन फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. त्यातला एक पारधी समाजातला मुलगा, बी.ए. झालेला, त्याच्या वस्तीतला पहिलाच. पहिला महिना त्याने फार चांगलं काम केलं. मग प्रश्नावल्या यायच्या थांबल्या. अधूनमधून फोन यायचा, “ताई, प्रवासाचे पैसे कधी येतील?” मी म्हणायची, “प्रोसेसमध्ये आहे.” माझ्या तोंडून तेच दोन शब्द जसेच्या तसे आले आणि मला ऐकूही आले नाहीत. मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘कामात सातत्य नाही.’ मॅडमना सुचवलं, याच्या जागी दुसरा बघू.

मग एकदा त्याच्या गावावरून जाताना घरी थांबले. त्याची बहीण भेटली. तिच्याकडून कळलं की तिने बचत गटातून ३,२०० रुपये उचलून त्याला प्रवासाला दिले होते. महिन्याला शेकडा दोन टक्के व्याज चालू होतं. ते पैसे संपले तेव्हा तो थांबला. त्याने बिलंही लावली होती, पण अर्धा प्रवास वडापने केलेला. वडापवाला तिकीट देत नाही. एसटीची तिकिटं होती ती जोडली, बाकीची रक्कम ‘पुरावा नाही’ म्हणून लेखा विभागाने परत पाठवली. तो कागद तीन आठवडे माझ्याच टेबलावर पडून होता.

म्हणजे तो कामावर होता आणि मी त्याचा खाडा मांडला होता.

परत आल्यावर नियम वाचायला बसले. कळलं की आमच्या संस्थेत क्षेत्रकार्यासाठी प्रकल्पप्रमुखाच्या नावे आगाऊ रक्कम उचलता येते आणि नंतर हिशेब देऊन ती समायोजित करता येते. ही सोय आधीपासून होती, मी अर्ज केला नव्हता. तिकीट नसलेल्या प्रवासासाठी तारीख, कुठून कुठे, किती रुपये आणि सही अशी स्वयंघोषणा चालते का, हे विचारलं. लहान रकमेपुरती चालते, म्हणाले. एका अर्जाचं काम होतं. मॅडमनी सही केली आणि दहा दिवसांत पैसे मुलांच्या खात्यात गेले. बचत गटाचं व्याज मात्र कुठल्याच हेडमध्ये बसेना. ते मी माझ्या फेलोशिपमधून दिलं, आणि देताना मला उदार वाटलं नाही, लाज वाटली. तो मुलगा परत कामावर आला. वहीतली ती ओळ मी खोडली नाही, तिच्याखाली तारीख घालून खरं काय झालं ते लिहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपला माणूस वर बसला की आपोआप सगळं बदलत नाही. मीच बसले होते. पद्धत तीच ठेवली तर आपणही मुकादमच होतो, फक्त जय भीम म्हणणारे. आपल्याला प्रतिनिधित्व हवंच आहे, पण त्याच्या जोडीला मस्टर लिहायची रीत बदलायची आहे.

काय करता येईल, ते सांगते. मोठं काही नाही.

प्रकल्पावर रुजू होताना नेमणूकपत्र मागा. त्यात पद, दरमहा रक्कम आणि कालावधी हवा. मंजुरीपत्रातली तुमच्या जागेची रक्कम किती, ते तोंडी नाही, कागदावर पाहा. कोऱ्या पावतीवर सही करू नका. अगदीच अडचण असेल तर नम्रपणे म्हणा, “सर, रक्कम आणि तारीख मी लिहिते, तुमचा वेळ वाचेल.” हे वाक्य मी अनेकदा वापरलंय, कुणी रागावत नाही. सही केली की मोबाइलवर फोटो काढा. एसटीच्या तिकिटावरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स. रोजची नोंद एका वहीत ठेवा: गाव, वेळ, किती प्रश्नावल्या. ही तुमची स्वतःची मस्टर आहे.

पैसे अडले तर भांडणाआधी एक प्रश्न विचारा: यूसी गेली का? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. केंद्रीय संस्थेसाठी दहा रुपये शुल्क आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजुरीपत्र, हप्त्यांच्या तारखा, यूसीची प्रत, एवढंच मागा. आणि हा अर्ज एकट्याने करू नका. करार संपायच्या भीतीत एकटा माणूस टिकत नाही. तुमच्या संघटनेतला ज्याचा त्या प्रकल्पाशी संबंध नाही, त्याने अर्ज करावा. कायदा कारण विचारत नाही.

अहवालात तुमचं नाव कुठे येणार, हे फील्डवर जायच्या आधी ठरवून घ्या. डेटा गोळा करणं हे बौद्धिक काम आहे. ज्या मुलीला वस्तीत कुणाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही हे कळतं, तिच्याकडे सिद्धांत असतो. तो लिहायला तिला जागा मिळाली पाहिजे.

आणि तुमच्यातले जे उद्या प्राध्यापक होतील, पीआय होतील, त्यांना दोन गोष्टी. पहिली: तुमचा हिशेब इतरांपेक्षा कडक तपासला जाईल. दुसऱ्याचं हरवलेलं बिल ‘तांत्रिक चूक’ ठरतं, आपलं हरवलेलं बिल ‘यांना पैसे हाताळता येत नाहीत’ याचा पुरावा ठरतो. हे अन्यायाचं आहे, आणि त्यावर बोलत राहू, पण तोवर फाइल चोख ठेवा. तीच तुमची ढाल. दुसरी: बजेट लिहितानाच फील्डवरच्या मुलांचा पगार, आगाऊ प्रवासखर्च आणि अहवालातलं स्थान लिहून ठेवा. प्रस्तावात जे नाही ते नंतर कुठूनच येत नाही.

संघटना म्हणून आपण मागण्याही कराव्यात. प्रत्येक संस्थेने चालू प्रकल्पांची मंजुरीपत्रं आणि यूसी वेबसाइटवर टाकावीत. माहिती अधिकाराच्या कलम ४ चा रोख स्वतःहून माहिती जाहीर करण्याकडेच आहे. प्रकल्पावरच्या नेमणुका प्रवर्गनिहाय जाहीर कराव्यात. हप्ता उशिरा आला तरी पगार थांबू नये, म्हणून संस्थेने ओव्हरहेडमधून एक राखीव रक्कम ठेवावी. ओव्हरहेड त्यासाठी नाही तर कशासाठी असतो?

गेल्या सुट्टीत घरी गेले होते. आजीचं आता वय झालंय, ऐकू कमी येतं. माझ्या मांडीवर फाइल बघून तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, मस्टर कोण लिहितंय? मी तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, “आता मी लिहिते, आजी.”

मला वाटलं ती खूश होईल. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मग कुणाचा खाडा मांडू नको.”

तिला त्या मुलाचं काही माहीत नव्हतं.

जय भीम.